भटकंतीसाठी हलकी आणि पाण्यात टिकणारी पॉवर बँक: निवडताना नेमकं काय बघायचं

प्रश्न असा आहे: चार-पाच दिवसांच्या पायी भटकंतीसाठी पॉवर बँक घ्यायची आहे. पाऊस लागला तरी टिकावी आणि सॅकमध्ये वजन जाणवू नये. पण दुकानात बघावं तर प्रत्येक बँक 'वॉटरप्रूफ' आणि प्रत्येक बँक 'अल्ट्रालाइट'. मग निवड कशावरून करायची?

उत्तर आधीच देऊन टाकणं बरं. पायी जाणार असाल तर १०,००० एमएएचची, १५० ते २०० ग्रॅम वजनाची, शिंतोडे आणि पाऊस सोसेल अशी बँक घ्या आणि तिला कोरडं ठेवायचं काम नीट बंद होणाऱ्या पिशवीकडे द्या. पाण्यात बुडूनही टिकणारी जाड बांध्याची बँक कयाक, राफ्टिंग, पाण्याच्या घळी उतरणं किंवा वाळू-चिखलातली सायकलस्वारी यांच्यासाठी ठेवा. बँकेचा जलरोधक दर्जा बहुतेक वेळा पोर्ट झाकलेलं असतानाच खरा असतो, आणि फोन चार्ज करायचा तर पोर्ट उघडावंच लागतं. ज्या संरक्षणाचा ऐन वेळी उपयोग नाही, त्यासाठी शंभर-दीडशे ग्रॅम जास्त वाहण्यात अर्थ नाही.

एमएएचचा आकडा आणि हाती पडणारी वीज

डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेले १०,००० एमएएच हे आतल्या सेलच्या व्होल्टेजवर मोजलेले असतात, म्हणजे ३.७ किंवा नव्या सेलमध्ये ३.८५ व्होल्टवर. पोर्टमधून बाहेर येताना वीज ५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त व्होल्टेजची होऊन येते. म्हणून एमएएचची तुलना फसवी ठरते. खरं माप वॉट-अवर, म्हणजे बँकेत साठलेली एकूण ऊर्जा. १०,००० एमएएच गुणिले ३.७ भागिले १,००० म्हणजे ३७ वॉट-अवर. बँकेच्या पाठीवर बारीक अक्षरात हा आकडा छापलेला असतो. तो नसेल तर ती बँक घेऊ नका. विमानतळावरही हाच आकडा विचारतात.

या ३७ मधले साधारण १० ते १५ टक्के व्होल्टेज बदलताना उष्णता होऊन जातात. पोर्टवर ३१ ते ३३ वॉट-अवर मिळाले तर बँक चांगली. पुढे फोनच्या आत बॅटरी भरतानाही थोडी घट होते. सगळं धरून छापील आकड्याच्या ७० ते ७५ टक्के फोनच्या बॅटरीत पोचतात, म्हणजे २६ ते २८ वॉट-अवर. ५,००० एमएएचचा फोन सुमारे १९ वॉट-अवरचा असतो. म्हणजे १०,०००ची बँक असा फोन दोनदा भरत नाही, सुमारे १.४ वेळा भरते. चांगल्या कंपन्या 'रेटेड कपॅसिटी' म्हणून ५ व्होल्टवरचा आकडाही छापतात. १०,०००च्या बँकेवर तो ५,८०० ते ६,५००च्या आसपास असला तर समजावं की माहिती प्रामाणिकपणे दिली आहे.

किती मोठी हवी याचा हिशोब

अंदाजाने '२०,००० घेऊन टाकू, कामाला येईल' असं करू नका. वजन तिथेच वाढतं. चार दिवसांची भटकंती धरू. फोनवर ऑफलाइन नकाशा, फोटो आणि संध्याकाळी थोडा वापर मिळून दिवसाला ५० टक्के बॅटरी जाते असं मानू, म्हणजे रोज ९.५ आणि चार दिवसांत ३८ वॉट-अवर. निघताना फोन पूर्ण भरलेला असेल आणि परतताना १० टक्के उरले तरी चालत असेल, तर त्यातले १७ वॉट-अवर फोनच्या स्वतःच्या बॅटरीतूनच येतात. ही वजाबाकी बहुतेक जण करत नाहीत. उरले २१. त्यात हेडलॅम्प एकदा भरायला ३ आणि घड्याळाला १ मिळवा, झाले २५. वर २० टक्के राखीव धरले तर ३०. १०,०००ची बँक २७ देते, म्हणजे २५ची गरज भागते, पण राखीव जेमतेम.

आता फोन दिवसभर एअरप्लेन मोडवर ठेवा. डोंगरात रेंज नसली की फोन जास्त जोराने टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी तिथेच जाते. एअरप्लेन मोडमध्ये जीपीएस चालू राहतो, कारण जीपीएसला उपग्रहांचे संकेत फक्त घ्यायचे असतात, काही पाठवायचं नसतं. मात्र नकाशा आधी उतरवून घेतलेला हवा. खर्च दिवसाला ३५ टक्क्यांवर आला तर वरचीच गरज राखीव धरून १६-१७ वॉट-अवरवर येते आणि १०,०००ची बँक पुरून उरते. ५,०००ची बँक सुमारे १३.५ देते, म्हणून ती दोन, फार तर तीन दिवसांची सोबत. वजन कमी करायचा सगळ्यात चांगला उपाय फोनच्या सेटिंगमध्ये आहे, तो आधी करा.

२०,०००ची गरज कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या भरायच्या असतील किंवा आठवडाभर वीज मिळणार नसेल तर. तिथेही दोघे असाल तर एक २०,००० घेण्यापेक्षा दोन १०,००० घ्या. हलक्या बँकांमध्ये वजन जवळपास तेवढंच भरतं, एक बिघडली तर दुसरी असते, आणि वाटेत दोन प्लग मिळाले तर दोन्ही एकाच वेळी भरता येतात.

वजन: ग्रॅम भागिले वॉट-अवर

वजनाची तुलना नुसत्या ग्रॅमवर करू नका. वजनाला वॉट-अवरने भागा. ३७ वॉट-अवरची बँक १५० ग्रॅमची असेल तर उत्तर चारच्या आसपास येतं. हे आजच्या बाजारातलं फार चांगलं वजन आहे. पाच ते साडेपाच म्हणजे ठीक. सहाच्या वर गेलं तर जास्तीचे ग्रॅम कशासाठी आहेत हे विचारायलाच हवं: जाड रबर, धातूचं आवरण, टॉर्च, की वायरलेस चार्जिंगची कॉइल?

खालच्या बाजूलाही मर्यादा आहे आणि खोटी बँक पकडायला तीच उपयोगी पडते. २१७०० या नळकांडी आकाराचा ५,००० एमएएचचा एक सेल सुमारे ७० ग्रॅमचा असतो. म्हणजे १०,००० एमएएचसाठी नुसते सेलच १४० ग्रॅम, त्यावर सर्किट आणि कवच. चपटे पाउच सेल थोडे हलके पडतात, पण फार नाही. म्हणून पूर्ण बँकेचं उत्तर साडेतीनच्या खाली येत असेल तर छापलेली क्षमता आत नाही असं धरून चाला. ३०० ग्रॅमच्या डब्यावर ५०,००० एमएएच लिहिलेलं असेल तर हा भागाकार करायचीही गरज नाही.

वजन कमी करताना कंपन्या कवच पातळ करतात. आत पाउच सेल असतो. त्याला स्वतःचं कडक आवरण नसतं, तो नुसत्या फॉइलमध्ये बंद असतो. अशी बँक तंबूच्या खुंट्या, स्टोव्ह किंवा चाकू यांच्या कप्प्यात टाकू नका. सॅक आपटली, तिच्यावर कुणी बसलं, टोक आत घुसलं तर सेलला इजा होते. नाइटकोर कंपनीच्या एनबी १०००० या बँकेत यासाठी कार्बन फायबरची चौकट वापरली आहे आणि तरी ती १५० ग्रॅमच्या आसपास राहते, शिवाय पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा आयपीएक्स ५ (त्याचा अर्थ पुढे येतो). हलक्या बँकेची तुलना करायला हे माप समोर ठेवायला हरकत नाही.

केबलही वजनात धरा. एक मीटरची जाड केबल ३०-४० ग्रॅम भरते. १५ ते ३० सेंटिमीटरची आखूड केबल त्याच्या निम्म्याहूनही कमी. बँकेत दहा ग्रॅम वाचवण्यासाठी जास्तीचे पैसे द्यायचे आणि वर घरातली लांब केबल गुंडाळून न्यायची, हे टाळा.

पाणी: दर्जाचा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

'वॉटरप्रूफ' या शब्दाला तांत्रिक अर्थ नाही. अर्थ आहे तो आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातल्या आयपी आकड्यांना, म्हणजे धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाच्या दर्जाला. पहिला आकडा धुळीचा, ० ते ६. दुसरा पाण्याचा, ० ते ९. आकड्याच्या जागी एक्स असेल तर त्या बाबतीत दर्जा जाहीर केलेला नाही. तेव्हा आयपीएक्स ७ ची बँक पाण्यात टिकते, पण वाळूबद्दल तिने काहीच वचन दिलेलं नसतं.

४ म्हणजे सगळ्या दिशांनी उडणारे शिंतोडे. ५ म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला १२.५ लिटर पाण्याचा झोत. ६ म्हणजे १२.५ मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला १०० लिटर. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं बुडवणं. ८ म्हणजे त्याहून कडक, नेमकं किती ते कंपनीने सांगायचं. सहापर्यंतचा आकडा खालच्या चाचण्याही झाल्याचं सांगतो, पण ७ आणि ८ तसं सांगत नाहीत. बुडवून तपासलेली बँक झोताखाली तपासलेली असेलच असं नाही. दोन्ही हवं असेल तर डब्यावर आयपीएक्स ५ आणि ७ असे दोन्ही दर्जे लिहिलेले हवेत.

या चाचण्या नव्या कोऱ्या नमुन्यावर, साध्या गोड्या पाण्यात होतात. समुद्राचं पाणी, साबण, घाम, उन्हाने कडक झालेलं रबर, एकदा खडकावर आपटून पडलेली बारीक चीर, यातलं काहीही त्यात येत नाही. दोन वर्षं वापरलेल्या बँकेचा दर्जा छापील तोच राहिला आहे असं समजू नका.

आता पोर्टची गोष्ट, कारण बिघाड तिथेच होतो. पोर्ट दोन तऱ्हांनी वाचवतात. एक, वर रबरी झाकण किंवा फिरकीचं टोपण. गोल झिरो कंपनीच्या व्हेंचर मालिकेतल्या आणि एलेकॉम कंपनीच्या नेस्टआउट मालिकेतल्या आयपी ६७ बँका झाकण-टोपणाच्या वर्गातल्या. टोपण नीट बसलेलं असेल तर बँक पाण्यात पडली तरी चालते. पण केबल लावलीत की ते उघडंच, आणि मग हा दर्जा धरायचा नाही. दोन, पोर्ट उघडंच पण त्याच्यामागे रबर किंवा रेझिन भरून आतला भाग बंद केलेला. इथे पाणी सर्किटपर्यंत जात नाही, पण पोर्टच्या धातूच्या पट्ट्या ओल्या होतात. ओल्या पट्ट्यांवर व्होल्टेज आलं की विद्युत-अपघटन होऊन त्या हिरवट-काळ्या पडतात आणि खराब होतात. घामाच्या किंवा समुद्राच्या पाण्यात तर हे फार लवकर होतं. त्यानंतर केबल हलवली की चार्जिंग तुटतं, आणि दोष केबलला दिला जातो.

यूएसबी-सी पोर्टवर नियमाप्रमाणे समोर उपकरण जोडलं गेल्याचं कळेपर्यंत वीज येत नाही. काही बँकांच्या यूएसबी-ए पोर्टवर मात्र बँक चालू असेपर्यंत ५ व्होल्ट राहतात. म्हणून ओलसर हवेत सी पोर्ट तुलनेने सुरक्षित. तरी ओल्या पोर्टात केबल घालायची नाही हा नियम दोन्हींना सारखाच.

झाकणाची तपासणी घरी करता येते. आयपीएक्स ५ किंवा त्यावरचा दर्जा असलेल्या आणि झाकण असलेल्या बँकेसाठीच ही करा. टिश्यू पेपरची एक पट्टी झाकणाच्या आतल्या खाचेत, पोर्टच्या तोंडावर ठेवा. झाकण दाबून लावताना चारही कोपऱ्यांवरून बोट फिरवा, कारण सगळ्यात आधी बिजागरीच्या बाजूचा कोपरा उचललेला राहतो आणि तिथूनच पाणी शिरतं. नळाच्या साध्या धारेखाली मिनिटभर फिरवून धरा, बाहेरून पुसून कोरडी करा आणि मग झाकण उघडा. पट्टी कोरडी असेल तर ठीक. ओल दिसली तर झाकणाच्या कडेला दोरा, वाळूचा कण किंवा साच्यातला जादा रबर अडकला आहे का ते बघा. काहीच सापडलं नाही तर बँक बदलून घ्या. दरम्यान ती एक-दोन दिवस उघडी वाळू द्या, लगेच चार्जिंगला लावू नका.

पिशवी आणि दमटपणा

हलक्या बँकेसाठी गुंडाळी पद्धतीने बंद होणारी एक लिटरची पातळ ड्राय बॅग पुरते. वजन काही ग्रॅमच वाढतं. जाड झिप पिशवीही चालते, पण झिपच्या घडीवर ती चार-पाच दिवसांत फाटू लागते, म्हणून एक जादा घ्या. पिशवी तीन वेळा घट्ट गुंडाळा. एकच घडी मारून क्लिप लावली तर पाणी आत येतं. आत पाच ग्रॅमची सिलिका जेलची पुडी टाका. ओली केबल मात्र त्याच पिशवीत कधीही ठेवू नका. पावसात बँक ओली होण्याचं हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त घडणारं कारण आहे: बाहेरून काही शिरत नाही, आपणच आत नेऊन ठेवतो.

थंडीत गारठलेली बँक तंबूच्या उबदार, दमट हवेत उघडली की तिच्यावर आणि पोर्टच्या आत दव धरतं. बाहेरच पिशवी बंद करा, बंद पिशवीसकट तंबूत आणा, अर्धा तास तशीच राहू द्या, मग उघडा.

पावसात चालता चालता चार्ज करणं हा सगळ्यात वाईट प्रसंग. टाळता येत नसेल तर फोन आणि बँक दोन्ही एकाच ड्राय बॅगमध्ये ठेवा आणि केबल बाहेर येऊ देऊ नका. मात्र बंद पिशवीत दोन्ही तापतात, तेव्हा वेगवान चार्जिंग बंद ठेवा आणि बॅग उन्हात राहणार नाही हे बघा. शक्यतो मुक्कामावर, कोरड्या हातांनी चार्ज करा.

थंडी

लिथियम-आयन सेलच्या वापराची मर्यादा साधारण उणे २० ते ६० अंश सेल्सियस, पण भरायची मर्यादा ० ते ४५. हा फरक लक्षात ठेवा. गोठणबिंदूखाली सेल भरला तर लिथियम ऋण ध्रुवाच्या आत जाण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातू म्हणून साचतं. ते परत निघत नाही. क्षमता कायमची कमी होते आणि आत शॉर्ट सर्किटचा धोका वाढतो. पहाटे बर्फात सोलर पॅनेलला बँक लावणं म्हणूनच चूक.

थंडीत वीज देताना तसं कायमचं नुकसान होत नाही, पण आतला विरोध वाढल्याने व्होल्टेज पडतं आणि बँक अर्धी भरलेली असूनही बंद होते. ती संपलेली नसते. अंगाशी धरून गरम केली की पुन्हा चालते. दिवसा जॅकेटच्या आतल्या खिशात, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये पायांशी ठेवा. रात्री स्लीपिंग बॅगमध्ये ठेवायची ती नुसतीच, चार्जिंग चालू ठेवून नाही. चार दिव्यांचा दर्शक थंडीत हमखास कमी दाखवतो. टक्केवारीचा आकडा दाखवणारा पडदा असला तर बरं, पण त्यासाठी दहा ग्रॅमहून जास्त देऊ नका.

उंचीची चिंता नको. वाहतुकीसाठीच्या यूएन ३८.३ चाचणीत सेलला ११.६ किलोपास्कल इतक्या कमी दाबात सहा तास ठेवतात. तेवढा विरळ दाब कोणत्याही शिखरावर नसतो.

इनपुट, छोटी उपकरणं आणि केबल

सगळे आउटपुटचे वॉट बघतात. भटकंतीत इनपुट जास्त महत्त्वाचा. वाटेतल्या मुक्कामी तासभर प्लग मिळाला तर त्या तासात बँक किती भरते? १०,०००ची बँक १८-२० वॉटवर तीन तासांच्या आसपास भरते, १० वॉटवर पाच तासांहून जास्त घेते. इनपुट किमान १८ वॉट, यूएसबी-सी, पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे यूएसबी-सीची वेगवान चार्जिंगची पद्धत) असा हवा. त्याच क्षमतेचा चार्जरही सोबत असायला हवा, नाहीतर बँकेची क्षमता वाया जाते. आउटपुट २० वॉट फोनला भरपूर आहे. ६५ वॉटची बँक लॅपटॉपसाठी, ती पाठीवर नेऊ नका.

हेडलॅम्प, घड्याळ, इअरफोन अशी उपकरणं फार कमी करंट घेतात. बँकेला वाटतं की काहीच जोडलेलं नाही आणि ती अर्ध्या मिनिटात बंद पडते. सकाळी उठून बघावं तर घड्याळ तसंच. यासाठी बँकेत लो-करंट मोड हवा. तो बहुधा बटण दोनदा दाबून किंवा दाबून धरून चालू होतो. घेण्याआधी माहितीपत्रकात शोधा.

दुसरी अडचण आणखी फसवी. काही स्वस्त हेडलॅम्पना सी पोर्ट असतं, पण त्यात ओळख पटवणारे ५.१ किलोओहमचे रेझिस्टर बसवलेले नसतात. सी-टू-सी केबलने जोडलं की बँकेला समोर उपकरण असल्याचं कळतच नाही आणि ती वीज सोडत नाही. तोच हेडलॅम्प ए-टू-सी केबलने मात्र भरतो. म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येक उपकरण त्याच बँकेला, त्याच केबलने लावून पाहा. गरज पडली तर ए पोर्ट असलेली बँक घ्या.

पास-थ्रू, म्हणजे बँक स्वतः भरत असतानाच फोनला वीज देणं, मुक्कामी एकच प्लग असेल तर फार सोयीचं. पण सगळ्या बँकांत ते नसतं आणि बँक तापते. ती उशीखाली किंवा कपड्यांत गुंडाळून ठेवू नका.

काय टाळायचं

पाठीवर सोलर पॅनेल चिकटवलेली बँक घेऊ नका. तेवढ्याशा पॅनेलमधून लख्ख उन्हातही एखादा वॉट मिळतो. ३७ वॉट-अवर भरायला घट धरून ४० तासांहून जास्त सरळ ऊन लागेल, आणि तेवढा वेळ बॅटरी उन्हात तापत राहील. सूर्यावरच चार्ज करायचं असेल तर वेगळं घडीचं पॅनेल घ्या आणि बँक सावलीत ठेवा.

वायरलेस चार्जिंग इथे नको. फोन थोडा सरकला तरी मोठा वाटा उष्णतेत जातो आणि कॉइलचं वजन वाहावं लागतं ते वेगळंच. जोडकेबल असलेली बँक शहरात चांगली. डोंगरात केबल मुळाशी तुटली तर बदलता येत नाही, शिवाय तिची खाच म्हणजे पाण्याला आणखी एक वाट. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बँका जास्त वर्षं टिकतात आणि उष्णतेत स्थिर असतात, पण तेवढ्याच विजेला बऱ्याच जड पडतात. गाडीने फिरणाऱ्यांनी जरूर विचार करावा.

घेतल्यावर लगेच

आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि वरचा भागाकार करून बघा. मग यूएसबी मीटर (केबलच्या मध्ये लावून वीज मोजणारं छोटं उपकरण) जोडून पूर्ण भरलेली बँक ५ व्होल्ट, २ अँपिअरच्या आसपास रिकामी करा आणि वॉट-अवर वाचा. ३७च्या बँकेने ३१ दिले तर समाधान, २५च्या खाली आली तर परत करा. परत करायची मुदत संपण्याआधी हे व्हायला हवं.

मॉडेल क्रमांक कंपनीच्या परत मागवलेल्या मालाच्या यादीत तपासा. नामांकित कंपनी आहे म्हणून हे टाळू नका. जून २०२५ मध्ये अँकरने पॉवरकोअर १०००० (मॉडेल ए १२६३) आगीच्या धोक्यामुळे अमेरिकेत परत मागवली, त्यात ११ लाखांहून जास्त बँका होत्या. जुनी बँक कुणाकडून घेणार असाल तर ही तपासणी आधी, व्यवहार नंतर.

विमानाने जाणार असाल तर बँक हातातल्या सामानातच, चेक-इन बॅगेत कधीही नाही. १०० वॉट-अवरपर्यंत सर्वसाधारणपणे परवानगी लागत नाही, १०० ते १६० साठी विमान कंपनीची संमती लागते, त्यावर बंदी. १०,००० आणि २०,०००च्या बँका (३७ आणि ७४ वॉट-अवर) यात आरामात बसतात. २०२५ पासून बऱ्याच विमान कंपन्यांनी प्रवासात बँक वापरण्यावर आणि वरच्या कप्प्यात ठेवण्यावर बंधनं आणली आहेत, तेव्हा आपल्या कंपनीचा नियम निघण्याआधी वाचा.

भिजलीच तर

केबल काढा आणि बटण दाबून 'चालू आहे का' बघण्याचा मोह टाळा. पोर्ट खाली करून झटका, बाहेरून पुसा, सावलीत वाऱ्यावर किमान एक दिवस ठेवा. तांदळात पुरून उपयोग नाही, उलट पोर्टात पीठ आणि कण जातात. शेकोटी, स्टोव्ह किंवा कडक ऊन वापरून वाळवू नका. आयपी ६७ ची बँक समुद्राच्या पाण्यात पडली असेल तर टोपण बंद ठेवूनच गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण पुसा आणि मगच उघडा. मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं.

दर्जा नसलेली बँक बुडाली असेल तर ती संपली असं समजा. वरून कोरडी झाली तरी आतल्या सर्किटवर गंज चढत राहतो आणि बिघाड काही दिवसांनी, नेमका चार्जिंगला लावल्यावर दिसतो. ती फुगली, विनाकारण गरम लागली किंवा गोडसर, रंगाच्या थिनरसारखा वास आला तर तंबूपासून आणि सुक्या गवतापासून दूर, दगडावर किंवा उघड्या मातीवर ठेवा. दाबून, टोचून हवा काढायचा प्रयत्न करू नका. परतल्यावर ती ई-कचरा केंद्रातच द्या, घरच्या कचऱ्यात नाही.

नीट परतलेली बँक मात्र पूर्ण भरून कपाटात टाकू नका. ४० ते ६० टक्के ठेवा, थंड जागी ठेवा, आणि दर तीन महिन्यांनी एकदा बघून कमी झाली असेल तेवढी भरा.